दिवेलागणीचं दार

मंडळी, एक सांगा. तिन्हीसांजेला आपण पुढचं दार उघडं का ठेवतो? तुम्ही नाही, ही पुढं बसलेली पोरं सांगतील! काय रे? "लक्ष्मी येते!" शाब्बास! आता दुसरा प्रश्न — ती आली, तर ओळखायची कशी? मग ऐका.

बोरखिंड नावाचं गाव. तिथं मालतीकाकूंचं दुमजली घर. घरात वायफाय! गच्चीत रेंज, न्हाणीत रेंज, गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा रेंज! आणि समोरच्या उतारावर प्रणालीचं पत्र्याचं घर. आई वीटभट्टीवर. काच तडकलेला एकच फोन, आणि रेंज औषधालाही नाही!

त्या संध्याकाळी सातला प्रणालीची तोंडी परीक्षा होती. निवासी शाळेची. बाई फोनवरच समोर दिसणार, प्रश्न विचारणार. ही वेळ हुकली, की शाळा संपली. मग उद्या सकाळपासून आईबरोबर भट्टीवर विटा!

पोर काकूंच्या दारात आली.

"काकू, वायफायचा पासवर्ड देता? थोडाच वेळ."

"आत्ता? अगं, दिवे लावायची वेळ झाली!"

"मग काय झालं?"

"तिन्हीसांजेला दूध, दही, मीठ घराबाहेर देत नाहीत. हेही घरातलंच की! बरकत जाते, बाई. उद्या सकाळी ये."

दार बंद!

हसताय? हसू नका. काकू मनाच्या वाईट नव्हत्या. त्यांना आपलं वाटलं, हिला वाटीभर दिलं तर आमच्या पोराचं, ओजसचं, वाटीभर कमी होणार!

प्रणाली पायरीवरच बसली. फोन वर धरते, आडवा धरते... काही नाही! डोळे भरले. आत काकूंनी देवापुढं निरांजन लावलं, हात जोडले, आणि रिवाजाप्रमाणे पुढचं दार सताड उघडलं. बघतात तो काय!

"तू अजून इथंच?"

"काकू, बाहेर द्यायचं नाही ना?"

"नाही."

"मग मी आत येऊ?"

आता बोला! दार उघडलंय कुणासाठी? आणि उंबऱ्याशी उभी कोण? काकूंनी मागं दिव्याकडं पाहिलं, पुढं पोरीच्या धुळीच्या पायांकडं पाहिलं, आणि त्यांना हसूच फुटलं.

"ये गं बाई! पाय धू आणि ये! ओजस, हिचा फोन जोडून दे. आणि तुझ्या त्या खेळाचा आवाज बंद!"

फोन गुळाच्या डब्याला टेकवला. पलीकडून बाईंनी विचारलं, "चंद्राच्या कला का दिसतात?" पोरीनं इकडं तिकडं पाहिलं, टोपलीतलं लिंबू उचललं, निरांजनासमोर धरलं. "बाई, हे निरांजन म्हणजे सूर्य, हे लिंबू म्हणजे चंद्र. मी जिथून बघेन, तिथून उजेडाची बाजू जेवढी दिसेल, तेवढाच चंद्र मला दिसणार!" आणि स्वतःच लिंबाभोवती फिरली! काकू बघतच राहिल्या. चुलीवरची फोडणी करपली, मंडळी!

परीक्षा संपली. काकू हळूच म्हणाल्या, "ओजस, तुझं काही कमी झालं का रे?"

"नाही आई. चालूच होतं की!"

"मग मी मेली मिठासारखं का मोजत होते?"

प्रणालीची निवड झाली. आणि काकूंच्या पडवीत आता रोज दिवेलागणीला चटई पसरलेली असते. भट्टीवरची पोरं येतात, पाय धुतात, अभ्यासाला बसतात. सगळ्यात पुढं कोण बसतं? ओजस! त्याला आता लिंबाचा चंद्र करून बघायचा असतो.

तर माझ्या माउल्यांनो, तुम्ही इतका वेळ माझं कीर्तन मोबाइलमध्ये धरून ठेवताय. धरा! पण उद्या तिन्हीसांजेला दार उघडाल, तेव्हा लक्ष्मीची वाट बघत लांब रस्त्याकडं बघू नका. आधी आपली पायरी बघा. दप्तर घेऊन कुणी बसलंय का? बसलं असेल, तर पासवर्ड नंतर सांगा. आधी म्हणा, "ये, आत ये!"