बाबाचा क्रेनवाला इशारा

तुमच्या त्या हार्टबीटवाल्या घड्याळावरून आठवलं. आमच्या बाबाले डॉक्टरनं सांगतलं होतं, "चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे. गाता आलं तर अजून जोरात चाला."

दुसऱ्या दिवशी आमच्या स्मृति नगरात बाबा पुढं अन् तपासाले आई मागं.

"बोलता येऊन राहिलं का?" आईनं विचारलं.

बाबानं बोट वर करून गरगर फिरवलं. आयुष्यभर प्लांटात खालून क्रेनवाल्याले हातानंच इशारे केले, अन् आता तर दम लागून तोंडही उघडत नव्हतं.

"बोलत कावून नाही?"

पुन्हा तेच बोट.

टपरीवर चहा पीत बसलेले वर्मा काका उठले. बाबाच्याच क्रेनचे ऑपरेटर होते ते. "भाभी, ये उठाने को बोल रहा है." अन् बाबाले स्कूटरवर बसवून निघाले.

दहा पावलं गेले नाही, तर बाबा मागं बसून मस्त गाणं म्हणायले लागले.

 आईनं बोट खाली करून गरगर फिरवलं. वर्मा काकानं आरशात पाहिलं, अन् बाबाले तिथंच उतरवलं.