थांबून केलेला वार

नाव: खरे नाव रजिस्टरात लिहिले आहे, सगळे बाइंडरकाका म्हणतात. वय: ७२ वर्षे. धंदा: पुस्तकबांधणी, आता निवृत्त. राहणार: तलवारबाजीच्या हॉलमागची गल्ली, दुसरा मजला, मुलगा व सुनेसह.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की, आल्याबरोबर मी सगळ्यांची विचारपूस केली. तक्रारदार फर्निचरवाल्यांच्या डोळ्याखालची सूज उतरली का, नजर शाबूत आहे ना, टाके कधी काढणार, हे विचारले. त्यांची मुलगी नीट जेवते का, हे विचारले. मोठ्या साहेबांचा खोकला आणि लिहून घेणाऱ्या हवालदारांची पाठ, दोन्हींची चौकशी केली. हवालदार म्हणाले, "काका, हे जबाबात येत नाही." मी म्हटले, "येऊ द्या हो. त्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही." माझ्या सुनेचे कुणी विचारले नाही, म्हणून मीच सांगतो. ती चार दिवस झोपलेली नाही.

सून त्या हॉलमध्ये तलवारबाजी शिकवते. खेळातले शब्द सगळे इंग्रजी, मुली ते पोपटासारखे घोकतात. म्हणून गेले वर्षभर मी हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एकेका शब्दाला मराठी शब्द शोधून त्याचे कार्ड करतो. शाळा सातवीपर्यंतच झाली. बाकी शिकलो ते बांधायला आलेली पुस्तके वाचून.

मंगळवारी दुपारी चारपासून मी 'रिपोस्ट' या शब्दाला डोके लावून बसलो होतो. समोरच्याचा वार आपल्या पात्याने बाजूला सारायचा आणि मग आपला करायचा, तो रिपोस्ट. प्रत्युत्तर लिहिले, खोडले. ते तोंडाने देतात. परतफेड खोडले, सूड तर लगेच खोडले, कारण या वारात राग नसतो असे सुनेनेच शिकवले आहे. शेवटी 'परतवार' ठेवले आणि खाली लिहिले: वार सारल्यावर लगेच केलेला वार. सुनेने वाचले आणि म्हणाली, "बाबा, 'लगेच' काढा. थांबूनही करता येतो. फक्त थांबून केला की तो हाताने नाही, डोक्याने केलेला असतो." मी 'लगेच' खोडले. तेव्हा साडेचार झाले होते. नाही, चार पस्तीस लिहा. घड्याळ पाहिले होते.

त्याच वेळी फर्निचरवाले आत आले. बूट काढले नाहीत. त्यांची मुलगी वय बारा, हॉलमध्ये तिला खारूताई म्हणतात. रविवारच्या स्पर्धेत ती अंतिम सामना हरली. वार लागला की दिवा पेटवणारे यंत्र बंद पडले होते, पंच डोळ्यांनी निकाल देत होते. तिला लागलेला वार पंचांना दिसला नाही, तर तिनेच हात वर करून सांगितले.

फर्निचरवाले म्हणाले, "पंचाला दिसलं नव्हतं, मग हात वर करायची अक्कल हिला कुणी दिली?"

सून म्हणाली, "मी. आणि आवाज खाली घ्या, मुली आहेत."

"वा! फी भरायची आम्ही आणि हरायला शिकवायचं तुम्ही! बघू तरी काय एवढी मोठी विद्या आहे ती." असे म्हणून त्यांनी भिंतीवरच्या स्टँडमधली सरावाची तलवार ओढली आणि सुनेच्या अंगावर फिरवली. सुनेच्या हातात तिची होती. तिने वार सारला. त्यांच्या तलवारीचे टोक फरशीला टेकले. पहिला वार त्यांचा होता, हे ठळक लिहावे.

इथे हवालदारांनी विचारले, "आणि त्याच झटक्यात मॅडमची लागली, असंच ना? तसंच लिहितो. नुसता बचाव होईल." मी पाणी मागितले. मग उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. काल जेवताना मुलगाही हेच म्हणाला होता, "बाबा, मधलं कशाला सांगायचं? तिचं लायसन जाईल, हॉल जाईल." मी त्याला म्हटले, "तू जेव."  सुनेने मला पुन्हा वाढले.

तसे लिहू नये. त्याच झटक्यात लागली नाही. त्यांची तलवार खाली होती आणि सून थांबली होती. मी एक पूर्ण श्वास घेतला आणि सोडला, एवढा वेळ. त्या वेळात फर्निचरवाले सुनेकडे बघतही नव्हते. ते मुलीला म्हणाले, "तू घरी चल. बघतो, तो हात परत वर कसा होतो." मुलगी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. त्यानंतर सुनेने वार केला. टोक बोथट होते, पण त्यांच्या तोंडावर जाळी नव्हती. डोळ्याखाली लागले. सुनेने तलवार खाली ठेवली, स्वतःच्या ओढणीने जखम दाबून धरली आणि रिक्षा बोलवायला मलाच पाठवले.

राग होता का, असे विचारल्यावरून सांगतो की, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती.

त्या दिवसापासून मुलगी हॉलमध्ये आलेली नाही. तिच्या घरी कुणी बाईमाणूस जाऊन बघून येईल का, ही विनंती नोंदवून घ्यावी.

मला डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून हवालदारांनी हा जबाब चांगला खड्या आवाजात वाचला. दार उघडे होते. बाहेर बाकावर सून बसली आहे. मला स्कूटरवरून तिनेच आणले, घरी नेणारही तीच. "सून थांबली होती" इथे हवालदार थांबून माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा बाहेरून तिचा आवाज आला, "बरोबर आहे, साहेब. पुढे वाचा."

माझेही म्हणणे तेच. सांगितले तसेच लिहिले आहे. मुलीकडे कोण जाऊन आले आणि ती कशी आहे, हे लवकर लिहून कळवावे. वाट पाहतो.