चारही चाकांत चौतीस

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाचा, पण तिथलं आता माझ्यात फारसं उरलेलं नाही, बोलणंसुद्धा दिल्लीचं झालंय, मध्येच यार येतं, बिल्कुल येतं, ते तसंच राहू द्या, सुधारत बसू नका. वडिलांचं चौफुलीवर पंक्चरचं दुकान होतं आणि पोरानं टायरला हात लावायचा नाही एवढी एकच त्यांची अट होती, म्हणून त्यांनी मला कलेक्टर व्हायला दिल्लीला पाठवलं. तीनदा मेन्स दिली, एकदा इंटरव्ह्यूपर्यंत गेलो. त्या वेळी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात एका मित्राच्या खोलीत आम्ही सहा जण एकाच आरशासमोर टाय बांधायला शिकलो, आणि सहाही जण एकमेकांना सर म्हणत होतो, सवय हवी म्हणून. त्यातले दोघं खरंच सर झाले. बाकीच्यांनी टाय परत केले.

गावी जायची लाज वाटली. मग राहिलो. नवनव्या गाड्या यायला लागल्या होत्या ते दिवस, गुडगावला तेव्हा सगळे गुडगावच म्हणायचे, मोहरीच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या खाली टायरची दुकानं. मला इंग्रजी कॅटलॉग वाचता यायचा आणि गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलता यायचं, एवढ्यावर एका दुकानात नोकरी मिळाली, दहा वर्षांनी मी तिथला भागीदार झालो. म्हणजे ज्या टायरला हात लावायचा नव्हता तोच, फक्त एसीत बसून. वडिलांना मी ऑटोमोबाइल लाइनमध्ये आहे असं सांगितलं होतं. त्यांनी पुढं विचारलं नाही, त्यांना कळलं असणार.

आता इनामदार बाईंचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यापाशीच येतं. मयूर विहारमध्ये राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या, आणि महिन्यातून एका रविवारी आमच्यासारख्या चार-पाच मराठी पोरांना जेवायला बोलवायच्या. बाकीची पोरं पास होऊन गेली किंवा नापास होऊन गेली, मी मात्र वीस वर्षं जात राहिलो. बाई कुणालाही सांगायच्या, आमचा विलास खोटं बोलत नाही, त्याला ते जमतच नाही, चेहरा पडतो त्याचा. मला हे ऐकायला फार आवडायचं. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात मिळालेलं ते एकच सर्टिफिकेट होतं.

बाईंचा मुलगा समीर, गुडगावात चौदाव्या मजल्यावर ऑफिस. त्यानं एक इम्पोर्टेड गाडी घेतली, सेकंडहँड पण चकाचक, आणि तीन महिन्यांत चाकं बदलायला माझ्याकडं आणली. मूळच्या चाकांना काही झालं नव्हतं. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीची चाकं एक इंच मोठी होती. असो, अशाच लोकांवर माझं घर चालतं, मी हसायला नको.

त्या गाड्यांचं काय असतं, की प्रत्येक चाकात, रिमच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला काडेपेटीहून लहान सेन्सर असतो. तो हवा मोजतो आणि ड्रायव्हरच्या समोर स्क्रीनवर आकडा दाखवतो, हवा उतरली की पिवळा दिवा लागतो. चाक बदललं की सेन्सर नव्या रिममध्ये नीट बसवायचा, नाही बसला तर त्या रिमला चालेल असा मागवायचा, मग गाडीला त्याची ओळख करून द्यायची. समीरनं आणलेल्या रिममध्ये ते चारही बसेनात. मी म्हटलं, नवे मागवू, तीन आठवडे लागतील. तो म्हणाला, दादा, तीन आठवडे काय म्हणतोस, मला संध्याकाळी गाडी हवी, ऑफिसातले लोक घरी येतायत, आणि तो दिवा नको हं, आई मागं बसली की विचारत राहते हे काय पेटलंय म्हणून.

मग मी ते केलं. आमच्या बाजारात सगळे करायचे, पण सगळ्यांना बाईंनी जेवायला घातलेलं नव्हतं. नळाच्या कामाचा हातभर प्लॅस्टिकचा पाइप घ्यायचा, चारही सेन्सर त्यात टाकायचे, दोन्ही तोंडं पक्की बंद करायची, एका टोकाला व्हॉल्व्ह बसवून आत चौतीस हवा भरायची, आणि तो पाइप डिकीत, स्टेपनीच्या खाली, ठेवून द्यायचा. सेन्सरला काय कळतंय तो कुठं आहे ते. तो पाइपातली हवा मोजतो, आणि गाडीला वाटतं चारही चाकं ठणठणीत. समीरला मी एवढंच म्हटलं, दिवा लागणार नाही. ते खरंच होतं. पुढं तो मला कौतुकानं सांगायचा, दादा, काय बॅलन्स केलायस यार, चारही आकडे कधी एकानं इकडं तिकडं नाहीत. खऱ्या चाकांचे आकडे असे कधीच नसतात, यांचे आपले कवायतीसारखे, थंडीत चारही एकदम खाली, उन्हात चारही एकदम वर. मी म्हणायचो, थँक्यू.

वर्षभरानं बाई भाचीच्या लग्नाला जयपूरला निघाल्या. गाडी चालवायला सतबीर, समीरचा ड्रायव्हर, गुडगावजवळच्याच एका गावचा, पन्नाशीचा, शांत माणूस. मागच्या डाव्या चाकात कुठं तरी खिळा घुसला, हवा हळूहळू उतरली, टायर तापला आणि फुटला. गाडी दुभाजकावर गेली. सतबीरला खरचटलं. बाईंचं खुब्याचं हाड मोडलं.

गाडी ओढून माझ्याच दुकानात आणली. मी आधी तो टायर बघितला नाही. आधी डिकी उघडली. शटर अर्धं खाली ओढलं आणि करवतीनं पाइप कापला, दिवसाढवळ्या, बाहेर गिऱ्हाइकं उभी असताना. चावी फिरवलेलीच होती, स्क्रीन चालू होती. हवा सुटली तसे चारही आकडे एकदम शून्यावर आले आणि गाडी ओरडायला लागली. मी चावी बंद केली. मग टायर बघितला, आतून त्याचा भुगा झाला होता, बराच वेळ कमी हवेवर चालल्यावर होतो तसा.

पंधरा दिवसांनी बाईंना घरी आणलं, हॉलमध्येच पलंग टाकला होता. मी गेलो तेव्हा सतबीर दाराशी उभा होता, आणि समीर त्याला फाडून खात होता, की हवा बघायला काय होतं तुला, आई मेली असती. सतबीर एकच सांगत होता, साहब, निकलने से पहले देखा था, चारों में चौंतीस था, माताजी की कसम. समीर माझ्याकडं वळला. दादा, तुझी लाइन आहे, तूच सांग, ती स्क्रीन चुकते का?

बाई पलंगावरून म्हणाल्या, हो, विलासला विचारा, तो सांगेल ते खरं.

मी म्हटलं, टायर बराच वेळ कमी हवेवर चाललाय. हे खरं होतं. समीर म्हणाला, आणि स्क्रीन? मी म्हटलं, स्क्रीन चुकत नाही.

बाई माझ्याकडंच बघत होत्या, आणि माझा चेहरा पडला नाही.

सतबीरला त्याच दिवशी काढलं. तो वाद घालत बसला नाही. जाताना मला म्हणाला, विलासजी, फिर मैंने ही गलत देखा होगा.

सहा वर्षं गेली. सणाला मी बाईंकडं जात होतो, त्या काठी घेऊन चालायच्या, मला वाढायच्या, मी जेवायचो. जेवायचो हो, तेच तर सांगतोय, घास अडकला वगैरे काही नाही, दोनदा आमटी मागून घ्यायचो. लाज म्हणजे रोज टोचणारं काही तरी असेल असं मला वाटायचं. तसं नसतं. ती आपली पडून राहते घरात.

गेल्या वर्षी एका सोसायटीत कामाला गेलो, फाटकाशी गार्डनं गाडी थांबवली. जाड भिंगांचा चष्मा, वही नाकाशी धरलेली. नंबर लिहायला दोनदा गाडीच्या पुढं जाऊन बघून आला. सतबीर होता. ओळखलं त्यानं, राम राम झाला. मी विचारलं, गाडी नहीं चलाते? तो म्हणाला, नजर पर भरोसा नहीं रहा जी, उस दिन चौबीस को चौंतीस पढ़ गया. डॉक्टर बोला, आँखें ठीक हैं. मैंने कहा, तू क्या जाने. बाजारातून स्वतःच चष्मा घेतला होता त्यानं. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, आणि मी तिथंच काच खाली करून सगळं सांगितलं, पाइप, करवत, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. चौंतीस ही था? म्हणाला. मी म्हटलं, चौंतीस ही था. तो मला मारेल असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, मेरे को क्या बोलता है, माताजी को बोल. मेरे सामने.

रविवारी आम्ही दोघं मेट्रोनं मयूर विहारला गेलो. बाई बसल्या होत्या त्याच हॉलमध्ये. मी हिंदीत सांगितलं, सतबीरला समजावं म्हणून. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, पाइपात किती हवा होती? गणिताच्या बाई. मी सांगितलं, चौतीस. मग त्या काठीवर जोर देऊन उठल्या, मी हात द्यायला पुढं झालो तो त्यांनी घेतला नाही, सतबीरसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. आपल्या शाळेतल्या हिंदीत म्हणाल्या, भैया, मैंने इसकी बात मानी, आपकी नहीं मानी, गलती मेरी है. सतबीर रडायला लागला. बाईंनी त्याला सोफ्यावर बसवलं, चहा ठेवायला सांगितला. मला म्हणाल्या, तू आता जा.

मी एकटा परत आलो.

दुकान चालू आहे. पाइप मी आता करत नाही, तेवढ्यासाठी मला चांगलं म्हणू नका, शेजारचा करून देतो आणि माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडं जातात, एवढंच. समीर येत नाही. सतबीरनं चष्मा सोडला, आता शाळेची व्हॅन चालवतो, हवा भरायला माझ्याकडंच येतो, आणि मी मोजली तरी स्वतःच्या गेजनं परत मोजून बघतो, माझ्यासमोर. बघू दे. सणाला बाईंकडं तो जातो, बायकोला घेऊन. त्यांची खुशाली मला त्याच्याकडूनच कळते. मी विचारतो, माताजी कैसी हैं, तो म्हणतो, अच्छी हैं. माझ्याबद्दल काही विचारलं का, हे मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. बऱ्या आहेत ना, बऱ्या असोत.