गल्लीच्या तोंडचा खांब

भानुमती : दोन पर्च्या कशा, भाऊजी? या घरात आता एकच मत आहे.

पंढरीनाथ : एक तुमची, वहिनी, आणि ही दुसरी... थांबा, चश्मा लावतो. दौलतराव...

(पंढरीनाथ पर्ची खिशात घालायला जातो, मग तशीच हातात धरून ओट्यावर बसतो. सव्वा वर्षापूर्वी याच ओट्यावरून त्याने मित्राला, भानुमतीच्या नवऱ्याला, खांदा दिला होता आणि आज त्याच्याच नावाची मतदानाची पर्ची घेऊन दारात आलो, याची त्याला मनापासून लाज वाटते.)

पंढरीनाथ : माफ करा. ऑफिसातून गठ्ठा छापून येतो ना. मी नाव बघतच नाही. घर नंबर बघतो आणि देऊन टाकतो. नाव कटवायचा फॉर्मसुद्धा माझ्याकडूनच राहिला.

भानुमती : राहू दे. मी रागावले नाही.

पंढरीनाथ : रागवा ना. कालपासून बावीस घरं झाली, कोणी रागवतच नाही यार. पाच साल पहिले लोक दारातच पकडायचे. पंढरी भिया, नाली कधी साफ होणार, अमुक कधी होणार. या वेळी पर्ची घेतात, हां-हां म्हणतात, दार बंद.

भानुमती : मी नाही बंद करत. शुक्रवारी सकाळी सातला जाईन, नेहमीसारखी. कुठलं बटण ते सांगा.

पंढरीनाथ : विचारणार नाही का, या वेळी विधायकजी काय म्हणतायत?

भानुमती : काय म्हणतायत आमदार?

पंढरीनाथ : गल्लीच्या तोंडचा बिजलीचा खांब हटणार. एकदम पक्कं. पत्रकात छापलंय, तीन नंबरवर.

भानुमती : बरं.

पंढरीनाथ : बस? बरं?

भानुमती : मागच्या खेपेलाही छापलं होतं. त्याच्या आधी तुम्ही तोंडी सांगितलं होतं, सासूबाई होत्या तेव्हा. दोन्ही वेळा बरंच म्हटलं होतं.

पंढरीनाथ : मी झूठ नव्हतो बोललो, वहिनी. विधायकजी स्वतः खांबापाशी येऊन उभे राहिले. टेप लावून माप घेतलं, फोटो काढले. मला वाटलं, आता तर होणारच. माझ्या शब्दावर या गल्लीतल्या तीस घरांनी मत दिलं.

भानुमती : माहितीये. आम्हीही दिलं. ह्यांना तर तुमचा केवढा भरवसा. पंढरी बोललाय म्हणजे झालंच समज, म्हणायचे.

पंढरीनाथ : त्या दिवशी ॲम्ब्युलन्स आत आली असती तर... डॉक्टर काय म्हणाले होते?

भानुमती : वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं म्हणाले. ती वीस मिनिटं इथेच गेली. गाडी खांबाच्या पलीकडे, आम्ही इकडे. स्ट्रेचर आपल्या जिन्यात वळेना. मग खुर्ची शोधली, मग माणसं शोधली. भर दुपार, सगळे आपापल्या दुकानात.

पंढरीनाथ : एकदाही काही बोलला नाहीत तुम्ही मला.

भानुमती : काय बोलणार? तेराव्याला पंगत तुम्हीच वाढत होतात. आधी रडू यायचं. मग तुमचा रागही आला, खोटं कशाला सांगू. आता काही येत नाही. खांबाला वळसा घालते, भाजी आणते, पिशवीसुद्धा घासत नाही त्याला.

पंढरीनाथ : मग नका देऊ मत. मीच सांगतो. माझ्या शब्दावर तर बिल्कुल नका देऊ.

भानुमती : कुणाला देऊ मग?

पंढरीनाथ : ते... काय सांगू.

भानुमती : तो दुसरा उमेदवार परवा येऊन गेला. त्याच्या पत्रकात खांब पाच नंबरवर आहे.

पंढरीनाथ : मी हे काम सोडतो, वहिनी. शाम को गठ्ठा परत करून येतो.

भानुमती : सोडून काय होणार? उद्या दुसरा कोणी वाटेल. इथून आता कुठे जाणार?

पंढरीनाथ : शेजारीच. ऋषभकडे.

भानुमती : त्याची बायको शिखा दुसऱ्या मजल्यावर असते, आमच्यासारखाच जिना. आठवा महिना लागलाय तिला. दिवसभर घरात एकटी.

पंढरीनाथ : हो, बघितलं मी.

भानुमती : तिला खांबाचं सांगू नका. नवीन आहे, विश्वास ठेवेल.

पंढरीनाथ : मग काय सांगू?

भानुमती : दुपारी गल्लीत घरी कोण असतं, ते सांगा. तुम्ही तीस घरं हिंडता, तुम्हालाच ठाऊक. वेळ आली तर तिला न्यायला हात असलेली खुर्ची मी खाली काढून ठेवलीय. उचलायला माणसं पाहिजेत.

पंढरीनाथ : लक्ष्मण असतो, त्याची रातपाळी आहे. प्रणव घरूनच काम करतो. अनीशचं दुकान तर खालीच. आणि चौथा मी.

भानुमती : तुम्ही खुर्ची धरू नका, कंबर जाईल. ह्यांना खांदा देतानाच लचकली होती. चौथा दुसरा बघा. तुम्ही पुढे पळा आणि गाडीवाल्याला थोपवून धरा.

पंढरीनाथ : एवढं नक्की करीन, वहिनी.

भानुमती : करीन म्हणू नका, भाऊजी. तिला सगळ्यांचे फोन नंबर लिहून द्या.