वीणा कोण घेणार?

मंडळी, आधी एक सांगा. उभं राहून राहून दमलेल्या माणसाच्या पाया पडणं मोठं, की त्याला बसायला जागा देणं मोठं? नुसत्या माना डोलवू नका. नाही सांगता येत? मग ऐका.

तालुक्याच्या कॉलेजात शैलजाबाई टेकाळे भूगोल शिकवायच्या. विभागात तिघं. एका सरांना क्लासवाल्यांनी नेलं. दुसरे — पीएच.डी. झालेला माणूस हो — तासाच्या हिशोबानं राबून कंटाळले आणि सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसले. म्हणतात, खिळे तोलले की काम संपतं तरी! दोघांचे तास कुणाच्या गळ्यात? बाईंच्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एवढं सत्र ओढून न्या. जागा भरतोच आहोत."

सत्र गेलं. नवे सर आले, दिवाळीला गावी गेले ते तिकडचेच झाले. प्राचार्य पुन्हा — "मॅडम, एवढं सत्र." पोरं तर नव्या सरांचं नावसुद्धा विचारेनात. कशाला विचारायचं?

एके दिवशी बाई नद्या शिकवत होत्या. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे कालच झालं." बाई थांबल्या. काल कुठल्या वर्गात काय शिकवलं, काही केल्या आठवेना. खडू ठेवला, खुर्चीत बसल्या. "बाळांनो, मी फार दमले." शिकवण्याचं वेड असलेली बाई, मंडळी, आणि त्या दिवशी तिला वर्गाचीच भीती वाटली.

गेल्या प्राचार्यांकडे. "सर, सोबतीला एक माणूस द्या. नाहीतर माझ्याच्यानं आता व्हायचं नाही." संस्थेची मीटिंग बसली. काय ठरलं? माणूस? छे, सत्कार ठरला! शाल, श्रीफळ, आदर्श शिक्षिका. अध्यक्ष म्हणाले, "चिकाटी शिकावी तर बाईंकडून." बाई माईकपाशी आल्या. "साहेब, शाल चांगली आहे. पण माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे." लोकांनी यालाही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी बाई आल्या नाहीत. नंतरही नाहीत. गाव म्हणालं, बाई टिकल्या नाहीत. अरे, तुम्ही टिकू दिलं का? मला तर हे सांगतानाही शीण येतो.

आता जरा माझ्या मागं बघा. सप्ताह संपेपर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही, हा आपला नेम. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं ती गळ्यात घ्यायची. हे दगडूतात्या. यांचा पहारा मघाच संपलाय. ज्याची पाळी, तो मांडवाच्या तोंडाशी चहा पितोय. तात्यांचे पाय थरथरतात, मला इथून दिसतंय. मांडवात येताना तुम्ही सगळे त्यांच्या पाया पडलात, बुक्का लावलात. वीणा कुणी मागितली?

मी इथंच थांबतो. आधी कुणीतरी उठा. तात्या खाली बसले, की मग गजर करू.