राबिगाची बिस्किटं

कारागांदा शहरातल्या इस्पितळात भेटीची वेळ व्हायची होती. वडिलांना भेटायला आलेली शोल्पान रांगेत थंडीनं आखडून उभी होती. तिच्यापुढे म्हाताऱ्या कुल्याश आपा आणि त्यांची तरुण शेजारीण झनार बोलत होत्या. आपांच्या हातात रुमालात बांधलेला डबा होता.

“आपा, कॉफीचा काय घमघमाट सुटलाय!”

“लोण्याची बिस्किटं गं. लोणी-साखर फेसायची, मैदा घालायचा आणि कॉफी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून ओतायची, मग भाजायची. झालं.”

“आजोबांना आवडतात?”

“दुसरं काही तोंडातच घेत नाही. ही खाल्ली की ओळखतो.”

“तुम्हाला?”

“राबिगाला.”

“ती कोण?”

“त्याची पहिली बायको. लग्नानंतर वर्षभरात गेली बिचारी. ही तिची बिस्किटं. मी नवी नवरी असताना तिच्या बहिणीकडून शिकले. म्हटलं, खूश होईल.”

“झाले?”

“एक खाल्लं आणि उठून बाहेर गेला. मग मी घरात कॉफीसुद्धा आणली नाही. नातवंडं झाली तरी नाही.”

“मग आता कशाला करता? तुमच्या हातचं मटण-शेवयांचं बेशबारमाक न्या की.”

“नेलं होतं. ‘ही बाई कोण?’ म्हणून त्यानं नर्सला विचारलं.”

दार उघडलं. रांग सरकली. शोल्पान त्या दोघींच्या मागोमाग सरकली.

“त्यांनी राबिगा म्हणून हाक मारली, की काय म्हणता हो?” झनारनं विचारलं.

“म्हणते, हो, आलेय. खा.”

“आपा!”

“अगं, मग तो माझा हात धरून बसतो. घरी कधी धरला नव्हता.”