सह्याद्रीची ओळ

मंडळी,

आपण सगळे वेळेवर आलात. वसंतरावांना ते आवडलं असतं. मी दर रविवारी तुमच्या मुलांना मराठी शिकवते, म्हणून या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आहे. पण आज मला नीट बोलता येणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो बराचसा माझ्यावरच आहे.

वसंतराव रसायनशास्त्रज्ञ होते. रानातल्या आवळ्यात क जीवनसत्त्व किती असतं, प्रदेश बदलला की ते किती बदलतं, हे ते कित्येक वर्षं तपासत होते. तराईचे आवळे आले. छोटा नागपूरचे आले. बांकुड्याचे आले. रस काढायचा, त्यात निळा रंग थेंबाथेंबाने सोडायचा, गुलाबी छटा टिकली की थांबायचं. मग तक्त्यात एक ओळ भरायची.

सह्याद्रीची ओळ रिकामी आहे. आपल्याच मुलखाची.

दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, आपल्या मंडळींच्या गावी पत्रं धाडायची आहेत. मजकूर हा." कच्चे आवळे पाठवा. रानातले. तोडल्या दिवशीच पार्सल करा. शिजवू नका. मीठ नको, साखर नको. मी म्हटलं, हे पत्र आहे की हुकूम? आणि मी ते सुधारलं. लिहिलं, की इतक्या दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या डोंगरातल्या आवळ्यांची फार आठवण येते.

आठवण येते म्हटल्यावर आपली माणसं काय करणार? मोरावळा आला. अकरा बरण्या. उकडून पाकात मुरवलेले आवळे, वर वेलची. त्यात तपासायचं काय?

मी त्यांच्या बेहाल्याच्या घरी गेले, तेव्हा बरण्या खिडकीत रांगेने ठेवलेल्या होत्या. "पत्र छान होतं, बाई," ते म्हणाले. "म्हणून तर मोरावळा आला." वहिनी, तुम्ही समोरच बसला आहात. तुम्ही त्यांना म्हणालात, "आता निदान खाऊन तरी घ्या."

त्यांनी बरण्या आपल्या सगळ्यांना वाटल्या. आपण खाल्ल्या. छान मुरलाय म्हणालो. पुढच्या थंडीत गावाहून येताना कच्चे आवळे आणतो, असंही म्हणालो. मीही म्हणाले. कोणी आणले? कोणाला ओझं झालं. कोणी विसरलं. मी विसरले. ते मात्र तीनदा हावडा स्टेशनवर आपल्यापैकी कोणाला तरी घ्यायला गेले, आणि तीनदा रिकामी पिशवी घेऊन परतले.

मार्गशीर्ष चालू आहे. आवळे आत्ता झाडावर आहेत. शेवटच्या रांगेत त्यांचे सहकारी घोषबाबू बसले आहेत. त्यांना आपली भाषा कळत नाही. पण मघाशी ते मला म्हणाले, तुम्ही आवळे आणा, ओळ मी भरतो, नाव त्यांचंच राहील.

ते पत्र मी पुन्हा लिहिलं आहे. त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. प्रती दाराशी आहेत. जाताना घ्या.

आता दोन मिनिटं उभे राहू या. मनातसुद्धा काही म्हणू नका. थेंब पडत असताना खोलीत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.